विचारणाऱ्याचा पंच : माहिती आयोग

आपल्या गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. नवेगावबांधचा तलाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. पण लहान तलाव तर गावोगाव आहेत. कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी जुन्या काळी ते बांधले. धानाला पाणी मिळावे म्हणून बांधले. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. म्हणून आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. आज यांतल्या पुष्कळ तलावांची देखभाल जिल्हा परिषदेकडे आहे.

समजा, अशाच एका तलावाच्या पाळीवर आपण उभे आहोत. तेथे एक पाटी लागली आहे. गावातल्या एक मावशी यंदाच वाचायला शिकल्या आहेत. त्यांनी अक्षराला अक्षर लावून पाटी वाचली. "गाळ काढण्याचे काम पूर्ण." खाली रुपयांचा आकडा होता. तोही त्यांनी वाचला. मग त्यांनी तलावाकडे पाहिले. पाणी गुडघाभर होते. गाळ जसाच्या तसा होता.

मावशी शेजारच्या पोराला म्हणाल्या, "कारे बापू, गाळ काढला म्हनते. मंग हा गाळ कोनाचा आहे?"

पोरगा म्हणाला, "आपल्याले काय समजते मावशी? सायबाले कोन विचारते!"

साहेबाला कोण विचारते? हाच प्रश्न आज आपण घेऊ. आम्ही सांगतो, मावशी विचारू शकतात. तुम्ही विचारू शकता. कायद्याने तसा हक्क दिला आहे. आणि साहेबांनी उत्तर दिले नाही, तर दाद मागायला एक पंच आहे. त्या पंचाचे नाव माहिती आयोग.

हा हक्क कोठून आला?

हा हक्क कोणी ताटात वाढून दिलेला नाही. तो मजुरांनी मागून घेतला आहे.

राजस्थानात दुष्काळी कामे निघत. मजूर दिवसभर राबत. पण ठरलेली मजुरी हातात पडत नसे. मजूर म्हणत, "आमचा हजेरीपट दाखवा." हजेरीपटाला आपण मस्टर म्हणतो. अधिकारी म्हणत, "मस्टर सरकारी कागद आहे. तो दाखवता येत नाही." १९९० साली तेथे मजूर किसान शक्ती संघटन ही संघटना उभी राहिली. १९९४ च्या डिसेंबरपासून तिने गावोगाव जनसुनवाई सुरू केली. जनसुनवाई म्हणजे गावकऱ्यांसमोर कागद वाचून दाखवणे. कागद वाचले तेव्हा खोटी नावे बाहेर आली. मेलेल्या माणसांच्या नावानेही मजुरी उचललेली निघाली. कागद बंद पेटीत होता तोवर हे कोणाला कळले नव्हते. १९९६ साली ब्यावर गावी लोक ४० दिवस धरणे धरून बसले. त्यांचे म्हणणे साधे होते. पैसा आमचा आहे, तर हिशेबही आम्हाला दाखवा.

महाराष्ट्रातही चळवळ झाली. अण्णा हजारे यांनी २००३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले. त्याच वर्षी राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा पक्का झाला. पुढे साऱ्या देशासाठी एकच कायदा आला. तो संसदेने २००५ च्या मे महिन्यात मंजूर केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. मग राज्याचा कायदा रद्द झाला. आज आपल्याला हा देशाचाच कायदा लागू आहे.

असा कायदा जगात सर्वांत आधी स्वीडन देशात झाला. ते साल होते १७६६. म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती तेव्हाची ही गोष्ट.

अर्ज कसा करायचा?

पंचाकडे जाण्याआधी दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी अर्जाची.

प्रत्येक सरकारी कचेरीत एक जन माहिती अधिकारी नेमलेला असतो. त्याच्या नावाची पाटी कचेरीत लावलेली असली पाहिजे. ग्रामपंचायतीत हे काम ग्रामसेवकाकडे असते. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्ज या अधिकाऱ्याच्या नावाने करायचा.

राज्य सरकारच्या कचेरीत अर्जाला १० रुपये फी आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. त्याने दाखल्याची नक्कल जोडावी. कागदाच्या नकलेला पानामागे २ रुपये पडतात. आता अर्ज ऑनलाइनही करता येतो.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय घ्यावा लागतो. अर्ज १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. ही अट मोठी वाटते, पण भिऊ नका. मावशींचा अर्ज पाहा :

"आमच्या गावच्या मामा तलावातील गाळ काढण्याच्या कामाच्या पुढील कागदांच्या नकला द्याव्या. १. कामाचे इस्टिमेट. २. काम सुरू करण्याचा आदेश. ३. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम. बी. ४. दिलेली बिले. तसेच हे कागद मला कचेरीत येऊन पाहायचे आहेत."

वर गावाचे नाव, तलावाचे नाव आणि कामाचे वर्ष घालायचे. खाली सही, पत्ता आणि तारीख. झाला अर्ज. शब्द मोजून पाहा. दीडशेच्या पुष्कळ आत आहेत.

यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मावशींनी "काम खोटे का केले?" असे विचारले नाही. त्यांनी कागद मागितले. "का केले" याचे उत्तर साहेब टाळू शकतो. "एम. बी.ची नक्कल द्या" हे टाळणे कठीण जाते. एम. बी.त किती लांब, किती रुंद आणि किती खोल खोदले ते लिहिलेले असते. ती नक्कल हातात घेऊन पाळीवर उभे राहा. दोरी घेऊन मोजा. मग खरे काय ते गावाच्या डोळ्यांना दिसेल.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. कोणी विचारले, तर "कायद्याने कारण सांगावे लागत नाही" एवढेच म्हणावे.

ज्याला लिहिता येत नाही, त्याने तोंडी सांगावे. ते लिहून काढायला मदत करणे हे त्या अधिकाऱ्याचे कामच आहे.

अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवायचा असतो.

अर्ज हाती दिला, तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. टपालाने पाठवला, तर पावती जपून ठेवा. ही पोच पुढे फार कामाची आहे. कोर्टात साक्षीदार असतो, तशी ती तुमची साक्षीदार आहे.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत आले पाहिजे. मुदत टळल्यावर माहिती दिली, तर ती फुकट द्यावी लागते.

उत्तर आले नाही तर?

समजा, मावशींचा अर्ज १ जूनला पोचला. १ जुलै आला. उत्तर नाही. किंवा उत्तर आले, पण अर्धवट आले. किंवा लिहून आले की, "ही माहिती देता येत नाही."

आता दुसरी पायरी. तिला पहिले अपील म्हणतात. त्याच खात्यातला वरचा अधिकारी हे अपील ऐकतो. त्याला प्रथम अपिलीय अधिकारी म्हणतात. ३० दिवसांच्या आत हे अपील करायचे. राज्याच्या कचेरीत त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. वरच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत निकाल द्यायचा. फार तर ४५ दिवस.

पुष्कळ वेळा येथेच काम होते. वरून विचारणा झाली, की खालच्या कचेरीत फाइल सापडते.

पण कधी कधी वरचा साहेब खालच्या साहेबाचीच बाजू घेतो. दोघे एकाच घरचे. घरच्या माणसाने घरच्या माणसाचा न्याय करायचा, तर तो निरपेक्ष कसा व्हावा? म्हणून कायद्याने घराबाहेरचा पंच नेमला आहे. तोच माहिती आयोग. त्याच्याकडे ९० दिवसांच्या आत जायचे. त्याला दुसरे अपील म्हणतात.

आयोग दोन आहेत

येथे पुष्कळांची गफलत होते. म्हणून सावकाश वाचा.

एक आहे केंद्रीय माहिती आयोग. त्याची कचेरी दिल्लीला आहे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांविषयीची दुसरी अपिले तेथे जातात. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आहे. रेल्वे केंद्राची. टपाल कचेरी केंद्राची. राष्ट्रीयीकृत बँक केंद्राकडची. धान्य साठवणारे भारतीय अन्न महामंडळही केंद्राचे. यांच्याविषयीची दाद दिल्लीच्या आयोगाकडे मागायची.

दुसरा आहे राज्य माहिती आयोग. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, तहसील, तलाठी, पोलीस ठाणे आणि रेशनचे खाते ही सारी राज्याच्या हद्दीत येतात. धान खरेदी करणारे आदिवासी विकास महामंडळही राज्याचेच. यांची दाद राज्य आयोगाकडे. त्याची मुख्य कचेरी मुंबईला आहे. पण आपल्याला मुंबईला जावे लागत नाही. आयोगाची खंडपीठे निरनिराळ्या विभागांत आहेत. गोंदिया जिल्ह्याचे काम नागपूर खंडपीठाकडे चालते. मावशींचा तलाव जिल्हा परिषदेचा. म्हणून त्यांचे अपील नागपूरला जाणार.

काही लोकांना वाटते, राज्याच्या आयोगाने नाही म्हटले, की दिल्लीच्या आयोगाकडे जावे. तसे नाही. दिल्लीचा आयोग हा राज्याच्या आयोगाचा साहेब नाही. दोघे भाऊभाऊ आहेत. प्रत्येकाचे शेत वेगळे. ज्याच्या त्याच्या शेतात त्याचा निकाल शेवटचा. त्यावर फक्त हायकोर्टात जाता येते. आपल्याला ते हायकोर्टही नागपूरलाच आहे.

फीतही फरक आहे. राज्याच्या अपिलाला २० रुपये लागतात. केंद्राच्या अपिलाला फी नाही. केंद्राच्या कचेरीत पहिल्या अर्जाला मात्र १० रुपये आहेतच. तेथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. रोख भरून पावती घ्यावी किंवा पोस्टल ऑर्डर जोडावी.

पंच कोण असतात?

आयोगात एक मुख्य माहिती आयुक्त असतो. त्याच्याबरोबर जास्तीत जास्त १० माहिती आयुक्त असू शकतात. दिल्लीच्या आयोगावर राष्ट्रपती नेमणूक करतात. त्यासाठी तिघांची समिती नावे सुचवते. पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि पंतप्रधानांनी नेमलेला एक मंत्री. राज्यात राज्यपाल नेमणूक करतात. तेथे मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री अशी समिती असते.

विरोधी पक्षनेता कशासाठी? पंच दोन्ही बाजूंना मान्य असावा म्हणून. गावातही दोन्ही तटांना मान्य असेल, तोच पंच चांगला.

आयुक्ताला आमदार किंवा खासदार राहता येत नाही. कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध ठेवता येत नाही. कायदा, समाजसेवा, पत्रकारी, विज्ञान, कारभार अशा कामांतला जाणता माणूस निवडावा, असे कायदा सांगतो. पुष्कळ आयुक्त निवृत्त सरकारी अधिकारीच असतात. पण सारेच नसतात. मुंबईचे शैलेश गांधी हे सरकारी नोकर नव्हते. ते उद्योग चालवत होते आणि माहितीच्या अधिकारासाठी झटत होते. ते २००८ ते २०१२ या काळात केंद्रीय माहिती आयुक्त होते. दिल्लीच्या आयोगाचे पहिले मुख्य आयुक्त वजाहत हबीबुल्ला हे होते.

आधी आयुक्ताची मुदत ५ वर्षे होती. २०१९ साली कायदा बदलला. मुदत आणि पगार ठरवणे केंद्र सरकारच्या हाती गेले. आता मुदत ३ वर्षे आहे. पुष्कळांनी तेव्हा हरकत घेतली होती. ते म्हणत, ज्याच्या कारभाराची चौकशी करायची, त्यानेच पंचाचा पगार ठरवला, तर पंच मोकळेपणाने कसा बोलेल? वाचकांनी यावर स्वतः विचार करावा.

आयोगापुढे काय होते?

अपील पोचले की त्याला नंबर पडतो. मग तारखेची नोटीस येते. त्या दिवशी मावशींना बोलावतात आणि त्या अधिकाऱ्यालाही बोलावतात. दोघे एकाच टेबलापुढे बसतात. वकील लावावा लागत नाही. आपल्या भाषेत बोलावे. दिल्लीच्या आयोगाची सुनावणी पुष्कळदा जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्यावर होते. आयुक्त दिल्लीत बसतात आणि आपण येथून बोलतो.

आता या कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट ऐका. "माहिती नाकारली ते बरोबर होते" हे अधिकाऱ्याने सिद्ध करायचे असते. "मला माहिती का हवी" हे मावशींनी सिद्ध करायचे नसते. एरवी कचेरीत आपण हात जोडून उभे असतो आणि साहेब प्रश्न विचारतो. येथे ते उलटे होते. येथे साहेबाला उत्तर द्यावे लागते.

आयोगाला दिवाणी कोर्टासारखे काही अधिकार आहेत. तो माणसाला समन्स काढून बोलावू शकतो. शपथेवर साक्ष घेऊ शकतो. कोणतीही सरकारी फाइल मागवून पाहू शकतो. आयोगापासून फाइल लपवता येत नाही.

मग आयोग निकाल देतो. "अमुक दिवसांत कागद द्या" असा हुकूम करतो. अर्जदाराचे नुकसान झाले असेल, तर कचेरीने भरपाई द्यावी असेही सांगू शकतो.

अधिकाऱ्याने विनाकारण उशीर केला असेल किंवा मुद्दाम खोटी माहिती दिली असेल, तर आयोग दंड करतो. दंड दिवसाला २५० रुपये आहे. तो जास्तीत जास्त २५,००० रुपये होतो. हिशेब करून पाहा. १०० दिवसांच्या उशिराला पुरे २५,००० होतात. हा दंड सरकारी तिजोरीतून जात नाही. त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. म्हणूनच त्याचा धाक आहे. मात्र दंडाआधी अधिकाऱ्याचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आणि दंडाचे पैसे अर्जदाराला मिळत नाहीत. ते सरकारजमा होतात.

आयोगाकडे नुसती तक्रारही करता येते. पण तक्रारीवर दंड होतो, कागद देण्याचा हुकूम होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तसे सांगितले आहे. म्हणून कागद हवे असतील, तर अपीलच करा.

सर्वांना एकच कायदा

आयोगाने मोठमोठ्यांनाही हिशेब विचारला आहे. न्यायाधीशांच्या मालमत्तेविषयी एका नागरिकाने अर्ज केला होता. २००९ साली दिल्लीच्या आयोगाने त्याच्या बाजूने हुकूम दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी त्या न्यायालयानेच सांगितले, की सरन्यायाधीशांच्या कचेरीलाही हा कायदा लागू आहे.

२०१३ साली आयोगाने म्हटले, की सहा राष्ट्रीय पक्षांनाही हा कायदा लागू आहे. पण पक्षांनी ते पाळले नाही. म्हणजे पंचाचा शब्दही कधी कधी वाऱ्यावर जातो. हे आम्ही लपवून ठेवत नाही.

काय मिळत नाही?

सारेच कागद मागता येत नाहीत. देशाच्या संरक्षणाची गुपिते मिळत नाहीत. चालू तपासाला बाधा येईल असे कागद मिळत नाहीत. दुसऱ्याची खासगी माहिती मिळत नाही. खासगी माहितीचे हे कलम २०२५ च्या नोव्हेंबरपासून आणखी कडक झाले आहे. मोठे लोकहित असेल, तर ती देता येते. तरी आमचा सल्ला असा, की अर्जात माणसाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. किती खोदले, किती खर्च झाला, कोणत्या तारखेला झाला हे विचारा.

आपली स्वतःची माहिती मात्र हक्काने मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे, की विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते.

दोन अडचणी

वाचकहो, आता कडू गोष्टीही सांगितल्या पाहिजेत.

पहिली अडचण उशिराची. अर्जाला मुदत आहे. पहिल्या अपिलाला मुदत आहे. पण आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा, याला कायद्यात मुदत नाही. अपिले फार साचतात. आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात. मग तारीख यायला महिनेच्या महिने जातात. कधी वर्षही उलटते. पाऊस येतो, धान कापून होते, दुसरा पाऊस येतो. मावशींचा गाळ तोवर तेथेच असतो. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना सांगितले, की जागा वेळेवर भरा, रिकामी होण्याआधीच तयारी करा. तरीही उशीर संपलेला नाही.

मग काय करावे? अपील करावेच. पण त्यावरच विसंबून बसू नये. राज्य सरकारने २०१८ च्या नोव्हेंबरात एक परिपत्रक काढले आहे. जिल्ह्याच्या व त्याखालच्या कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात लोकांना कागद पाहू द्यावेत, असे त्यात आहे. आपल्या कचेरीत ही सोय चालू आहे का, ते जाऊन विचारा. ग्रामसभेतही कागद मागा. ग्रामसभेत सारे गाव ऐकत असते.

दुसरी अडचण धाकाची. ज्याचे पितळ उघडे पडते, तो चिडतो. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी हे जमिनींच्या गैरव्यवहारांची माहिती काढत असत. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. हे वाचून भिऊन घरी बसा, असे आम्ही म्हणत नाही. पण एकट्याने पुढे होऊ नका. एकाच कामाचे अर्ज पाच घरांतून गेले, तर कोणा एकावर डोळा राहत नाही. बचत गटातल्या बायांनी मिळून ठरवावे. मिळालेले कागद घरात दडवून ठेवू नयेत. चारचौघांत वाचून दाखवावेत. माहिती सगळ्यांची झाली, की धमकी कोणाकोणाला देणार?

आणि हे शस्त्र भांडणासाठी वापरू नये. शेजाऱ्याला छळायला किंवा पैसे उकळायला अर्ज करणारेही निघतात. त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराचे नाव खराब होते.

आयोग गाळ काढत नाही

शेवटी एक गोष्ट साफ सांगतो. आयोग तलावातला गाळ काढून देत नाही. धानाचे अडलेले चुकारे देत नाही. रेशन कार्ड करून देत नाही. तो फक्त कागद मिळवून देतो. पुढचे काम आपल्यालाच करावे लागते. कागद घेऊन ग्रामसभेत जायचे. वरच्या अधिकाऱ्याकडे जायचे. गरज पडली तर कोर्टात जायचे. पण हातात कागद असला, की बोलणे वेगळे होते. "गाळ काढला नाही" असे म्हटले, तर साहेब म्हणतो, "तुला काय समजते?" एम. बी.ची नक्कल पुढे ठेवून "येथे सहा फूट लिहिले आहे, चला, मोजू" असे म्हटले, तर साहेबाला चपला घालून पाळीवर यावे लागते.

मावशींनी अर्ज लिहिला. चार ओळींना सारी संध्याकाळ लागली. "मोजमाप" हा शब्द दोनदा खोडला. पोरगा म्हणाला, "मावशी, थांबा, मीच लिहून देतो." मावशी म्हणाल्या, "राहू दे बापू. मलेच लिहू दे. प्रश्न माहा आहे."

शब्दांचे अर्थ

अपील : वरच्याकडे दाद मागणे
खंडपीठ : आयोगाची किंवा कोर्टाची विभागातली शाखा
एम. बी. : झालेल्या कामाची मापे लिहिण्याची वही
पोच : अर्ज मिळाल्याची खूण
समन्स : हजर राहण्याचा हुकूम

सांगा पाहू

१. तुमच्या ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकाऱ्याची पाटी कोठे लावली आहे? नसेल तर कोणाला विचाराल?
२. अर्ज ५ ऑगस्टला पोचला. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत यायला हवे?
३. गोंदिया स्टेशनच्या कामाविषयीचे दुसरे अपील कोठे जाईल? शाळेच्या खोलीविषयीचे कोठे जाईल?
४. अधिकाऱ्याने ४० दिवस उशीर केला. दंड किती होईल?
५. आपल्या गावातल्या एका कामाविषयी चार ओळींचा अर्ज लिहा. वर्गात वाचून दाखवा.